खारें पाणी

सेवानिवृत्त मास्तरानें स्वस्थ बसावें असें कोणत्याहि स्मृतींत लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि लिहिलेलें असतें तरी आमच्याकडून तें पाळलें गेलें असतें असा भरंवसा आमच्या घरांत कोणालाच नाहीं. शाळेंतून मोकळे झाल्यावर आम्ही सोलापूरच्या पूर्व भागांत, कन्ना चौकापलीकडील एका घराच्या ओसरीवर, आठवड्यांतून तीन सायंकाळीं मराठीचा एक लहानसा वर्ग घेऊं लागलों. विद्यार्थिनी आठ-दहा, बहुतेक सर्व तेलंगणांतून लग्न होऊन आलेल्या पद्मशाली घरांतील सुना. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळावयाच्या, त्या कारखान्यांत नेऊन मोजून द्यावयाच्या, आणि रात्रीच्या स्वयंपाकापूर्वीं मिळणारा पाऊण तास आमच्या बाराखडीला द्यावयाचा, असा त्यांचा क्रम. अशा विद्यार्थिनींपुढें उभें राहिलें म्हणजे आपण पूर्वीं ज्यांना आळशी म्हणून कान धरीत होतों त्या मुलांची आठवण होते, आणि आपल्या स्वतःच्या आळसाचीहि होते.

या वर्गांत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावांचून आजचा विषय उलगडावयाचा नाहीं. म्हणून प्रथम तीच सांगतों.

पावसाळ्याचे दिवस होते. वस्तींत मुलांना जुलाब-वांत्यांचा उपद्रव सुरू झाला होता. आम्हांस वाटलें, नुसतें ‘कमळ, घर, बदक’ किती दिवस गिरवावयाचें? भाषा शिकवितां शिकवितां चार उपयोगाच्या गोष्टी कां सांगूं नयेत? आमचा पुतण्या डॉक्टर आहे. त्याच्याकडून जुलाब झालेल्या मुलास द्यावयाच्या मीठ-साखरेच्या पाण्याचें प्रमाण आम्हीं लिहून घेतलें, फळ्यावर सुवाच्य अक्षरांत मांडलें, आणि अर्धा तास मोठ्या उत्साहानें व्याख्यान दिलें. शेवटीं खूण म्हणून सांगितलें, “पाणी आधीं स्वतः चाखून पाहा. किंचित् खारं लागलं पाहिजे. पण डोळ्यांतल्या आसवांपेक्षां जास्त खारं नको.” मग आम्हीं विचारलें, “समजलं कां?” सर्वांनीं माना हालविल्या. “समजलं, सारू.”

चार दिवसांनीं वर्गांतील एक सून आली नाहीं. तिची जाऊ आली होती, ती म्हणाली कीं, लेकराला इस्पितळांत ठेवलें आहे. आम्ही गेलों. दीड वर्षाचें पोर. डोळे आंत गेलेले, ओंठ कोरडे, हाताला सलाईनची नळी. दोन दिवसांनीं तें सावरलें, देवाची आणि तेथील मंडळींची कृपा. परंतु तें सावरल्यावर आम्हीं त्या मुलीस विचारलें, “पोरी, वर्गांत सांगितलेलं पाणी दिलं होतंस ना?” ती खालीं मान घालून बसली. जाऊबाईंनीं तेलुगूंत विचारलें, तेव्हां उत्तर आलें तें असें: “एवढ्याशा लेकराला कारम् कसं पाजायचं, सारू? तुम्ही मोठे, म्हणून वर्गांत उलट विचारलं नाहीं. घरीं येऊन दिलं नाहीं, एवढंच.” आणि सासूबाईंचें मत असें पडलें कीं, जुलाब होत असतां पाणी तोडावें, म्हणून साधें पाणीहि बंद झालें होतें.

तेलुगूंत ‘कारम्’ म्हणजे तिखट. मिरचीच्या पुडीलाहि तोच शब्द. आमचें ‘खारं’ तिच्या कानांवर ‘कारम्’ होऊन पडलें, आणि मास्तर तान्ह्या मुलाला मिरचीचें पाणी पाजावयास सांगत आहेत असा तिचा समज झाला. आमच्या संस्कृताच्या वेडामुळें घरीं येऊन आम्ही कोश उघडून बसलों, तों दोन्ही शब्दांचें मूळ ‘क्षार’ या एकाच शब्दांत असावें असें दिसलें. एका आजीच्या दोन नाती दोन गांवीं दिल्या. एक खारट निघाली, दुसरी तिखट. व्युत्पत्ति मोठी मनोरंजक होती. परंतु त्या रात्रीं आम्हांस जेवण गोड लागलें नाहीं.

विचार केला तेव्हां दिसून आलें कीं, त्या मुलीचें कांहींच चुकलें नव्हतें. जी आई तान्ह्या लेकराला तिखट पाणी पाजणार नाहीं, ती शहाणी आई होय. चूक होती ती आमच्या ‘समजलं कां?’ या प्रश्नाची. हा प्रश्न आम्हीं आयुष्यभर वर्गांत विचारला. त्याला उत्तर एकच असतें, आणि तें विद्यार्थी मास्तरांच्या समाधानासाठीं देतो.

आमच्या सौभाग्यवतींनीं हें सर्व ऐकून घेतलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, “फळ्यावर लिहिण्याऐवजीं चिमूटभर मीठ तिच्या हातावर ठेवलं असतंत तर? निदान मिठाचं चित्र तरी काढायचं.” आमची नात चित्रकला शिकते. तिला बोलावून आणलें, आणि येणेंप्रमाणें आमच्या वर्गांत चित्रकथेचा प्रवेश झाला.

आमच्या कांहीं वाचकांस चित्रकथा म्हणजे लहान मुलांचा खेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु हा मार्ग आपल्याकडे फार जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यांत कंसवधाच्या चित्रांचा उल्लेख आहे. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत पहिल्याच अंकांत चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो; चित्रें दाखविणाऱ्याला कोणाच्याहि ओसरीवर मज्जाव नसे, हें चाणक्यासारख्या मुत्सद्द्यानें ओळखलें होतें. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा निर्देश येतो. कुडाळजवळील पिंगुळी गांवचे चित्रकथी आजहि पोथींतील एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगतात. त्यांपैकीं परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, हें वाचकांच्या स्मरणांत असेल.

आणि आमच्या विद्यार्थिनींच्या माहेरीं तर ही विद्या घरचीच आहे. तेलंगणांत चेरियाल नांवाचें गांव आहे. तेथील नकाशी चित्रकार कापडाच्या लांब पटावर, तांबड्या भूमीवर, एकाखालीं एक चित्रें रंगवितात, आणि निरनिराळ्या जातींचे ठरलेले कथेकरी तो पट उलगडीत त्या त्या जातीची पुराणकथा सांगतात. पद्मशालींच्या कथेकऱ्यांना कूनपुली म्हणतात. त्यांच्या पटावर मार्कंडेय आणि भावनाऋषि यांचें आख्यान असतें. नारळी पौर्णिमेस आपल्या शहरांतून ज्यांचा रथ निघतो, तेच हे मार्कंडेय. सोलापुरांत १८७७ सालीं कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. तिच्या आधींपासून आणि तिच्यानंतरहि हे विणकर मागावरील आपली कला घेऊन येथें येत राहिले. ती गिरणी केव्हांच बंद पडली. सोलापुरी चादरीचें नांव मात्र त्यांच्या हातांनीं सर्वत्र नेलें. असे हे लोक चित्र पाहून कथा ऐकण्याचा संस्कार घेऊन आमच्यापुढें बसले होते, आणि आम्ही त्यांना फळ्यावरचें प्रमाण वाचून दाखवीत होतों!

युरोपांतहि परकी भाषा चित्रांनीं शिकविण्याचा पहिला प्रसिद्ध ग्रंथ एका निर्वासित शिक्षकानेंच केला. मोराव्हियाचा कोमेनियस धर्मयुद्धांत देशोधडीला लागला. त्याचें लॅटिन शिकविण्याचें सचित्र पुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें छापलें गेलें. घर सुटलेल्या माणसाला शब्दाआधीं वस्तु दाखवावी लागते, हें त्याला अनुभवानें कळलें असावें.

परंतु चित्रें काढलीं म्हणजे काम झालें, हाहि आमचा भ्रमच होता. आमच्या नातीनें पहिलीं सहा चित्रें मोठ्या हौसेनें काढलीं: मूल जुलाबानें मलूल पडलें आहे, आजी पाण्याचा पेला दूर सारीत आहे आणि तिच्यावर तांबडी फुली, आई साबणानें हात धूत आहे, एक हात चमच्यानें भांड्यांत मीठ टाकीत आहे, आई मुलाला घोट घोट पाणी पाजीत आहे, मूल अंगणांत खेळत आहे. आम्हांस तीं चित्रें स्फटिकासारखीं स्वच्छ दिसलीं. वर्गांत काय झालें तें ऐका.

चमचा धरलेला हात पाहून एकीनें घाबरून विचारलें, “हा हात कुणाचा? तुटला कां?” खांदा नाहीं, तोंड नाहीं, असा हात तिनें कधींच पाहिला नव्हता. फुली म्हणजे ‘असें करूं नये’, हें शाळेंत गेलेल्यांनाच ठाऊक. न गेलेल्या दोघींना ती दवाखान्याची खूण वाटली, आणि पाणी तोडणारी आजी ही दवाखान्यानें मान्य केलेली आजी ठरली. सर्वांवर कळस झाला तो शेजारच्या मोमीन विणकराच्या घरांतील एका बाईमुळें. ती ओसरीवर सहज येऊन बसली होती. उर्दू वाचणारी, तिनें चित्रमाला उजवीकडून वाचावयास घेतली. तिच्या कथेंत अंगणांत खेळणाऱ्या धडधाकट मुलाला आईनें पाणी पाजलें, आणि तें मूल जुलाबानें आडवें पडलें!

डासाचें चित्र मोठें करून दाखविलें असतां ‘आमच्याकडचे डास एवढे मोठे नसतात’ म्हणून खेडुतांनीं निर्धास्त सुस्कारा टाकला, ही गोष्ट आरोग्यखात्यांतील मंडळी नेहमीं सांगतात. आम्ही तिला विनोद समजत होतों. आतां समजत नाहीं.

मग चित्रें बदललीं. हाताला बाई मिळाली. तिच्या अंगावर नऊवारीऐवजीं पूर्व भागांत दिसते तशी साडी आली, मांडीवर सूप आलें. फुली गेली, तिच्या जागीं पाणी तोडल्यामुळें डोळे खोल गेलेल्या मुलाचें स्वतंत्र चित्र आलें. मीठ कागदाच्या पुडींतून न दाखवितां त्यांच्या घरीं असतो तशा बरणींतून दाखविलें. चित्रें एका ओळींत न मांडतां सुटीं केलीं, म्हणजे डावी-उजवी बाजूच उरली नाहीं. आणि मुख्य बदल हा झाला कीं, कथा आम्हीं सांगावयाची बंद केली.

आतां आमचा क्रम असा असतो. सुटीं चित्रें चटईवर पसरावयाचीं. विद्यार्थिनींनीं तीं आपसांत बोलून लावावयाचीं. या वेळीं तेलुगु बोलावयास पूर्ण मुभा. जेथें वाद होतो, तेथें आम्ही कान टवकारतों. कारण जेथें वाद तेथेंच शिकवावयाची जागा. नंतर एकेकीनें कथा आपल्या भाषेंत सांगावयाची. मग तेच शब्द मराठींत. यांत आम्हीच पुष्कळ शिकलों. मिठाला तेलुगूंत ‘उप्पु’ म्हणतात आणि कन्नडांतहि ‘उप्पु’च, म्हणजे या एका शब्दावर आपलें अर्धें सोलापूर निभावतें. साखरेला ‘चक्केर’, शर्करेचें नातें लपत नाहीं. पाण्याला ‘नीळ्ळु’, आमच्या एका मराठी शेजाऱ्याला तो निळा रंग वाटला होता. शब्द बसले म्हणजे वाक्यें. वाक्यें झालीं म्हणजे एकीनें डॉक्टर व्हावयाचें, दुसरीनें आई. “कधींपासून जुलाब होतात? किती वेळां? लघवी होते कां?” या तीन प्रश्नांचीं उत्तरें मराठींत देतां आलीं कीं, आमच्या मतें ती परीक्षा उत्तीर्ण झाली. शेवटीं चित्रें घरीं न्यावयाचीं आणि सासूबाईंना कथा सांगावयाची. दुसऱ्या दिवशीं आम्ही ‘समजलं कां?’ असें विचारीत नाहीं. ‘सासूबाई काय म्हणाल्या?’ असें विचारतों.

हा शोध आमचा नव्हे. १९७१ सालीं बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळीं सीमेवरील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत कॉलऱ्यानें हाहाकार उडविला. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर इत्यादींचें पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिलें, आणि मृत्यूचें प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होतें तें शेकडा ४ च्या आंत आणलें. त्यांना २०२३ सालीं मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. हें ज्ञान पुढें घरोघर नेण्याचें काम बांगलादेशांतील ब्रॅक या संस्थेनें १९८० ते १९९० या दहा वर्षांत केलें. तिच्या सेविका सुमारें एक कोटी वीस लाख घरीं गेल्या आणि आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचा पाठ त्यांनीं दिला. आमच्यासारख्या मास्तरानें ध्यानांत ठेवावी अशी गोष्ट पुढेंच आहे. सेविकेचा मेहनताना तिनें किती घरांत व्याख्यान दिलें यावर ठरत नसे. नंतर दुसरे तपासनीस जात आणि त्या आईला काय आठवतें व काय करतां येतें हें पाहत. त्यावरून सेविकेला पैसे मिळत. हाच नियम आमच्या शाळांना लागू झाला असता, तर आमचें निवृत्तिवेतन किती भरलें असतें, हा विचार न केलेलाच बरा.

चित्रकथेचा आणखी एक गुण आम्हांस उशिरां कळला. भवभूतीच्या उत्तररामचरितांत पहिल्या अंकांत लक्ष्मण सीतेला तिच्याच वनवासाचीं चित्रें दाखवितो. शूर्पणखेचें चित्र पाहून ती भयभीत होते, तेव्हां राम तिला, हें चित्र आहे, असें सांगून सावध करतो. चित्रांतलें दुःख आपलें असतें आणि नसतेंहि. आमच्या दुसऱ्या चित्रकथेंत एक बाई विड्या वळतां वळतां खोकते. पुढील चित्रांत पंचांगाचीं दोन पानें उलटलेलीं, म्हणजे पंधरा दिवस लोटलेले. नंतर ती बेडका तपासावयास जाते. वर्गांत प्रश्न विचारला, “ही बाई इतके दिवस कां गेली नाहीं?” एरव्हीं तोंड न उघडणाऱ्या एका प्रौढ बाईनें उत्तर दिलें, “तिला भीति वाटते. भांडं वेगळं करतील. सुनेला माहेरीं पाठवतील.” वर्ग सुटल्यावर ती मागें रेंगाळली आणि चित्राकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “सारू, हिचा खोकला मलापण आहे. महिना झाला.” तपासणींत क्षयच निघाला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासावा, सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत, आणि बरें वाटूं लागलें तरी सहा महिन्यांचें औषध मध्येंच सोडूं नये, हें सर्व आम्ही वर्षभर फळ्यावर लिहीत होतों. परंतु तिला स्वतःविषयीं बोलावयाचें नव्हतें. त्या चित्रांतल्या बाईविषयीं बोलावयाचें होतें. ती वाट मिळतांच ती बोलली. औषध पुरें करून ती आज वर्गांत पुन्हां येते.

कोणी म्हणेल, हें सर्व गरीब वस्तींतलें. आमच्या सुशिक्षित घरांना त्याचें काय? त्यांच्यासाठीं एक घरचीच गोष्ट सांगतों. आमच्या वहिनी जुन्या काळच्या पदवीधर. मुलाकडे जर्मनींत गेल्या असतां एके दुपारीं घरीं कोणी नव्हतें आणि त्यांच्या पोटांत कळा येऊं लागल्या. औषधांच्या दुकानांत गेल्या, परंतु कोणती गोळी उपाशीं पोटीं आणि कोणती जेवणानंतर, हें त्यांना विचारतां येईना. शेवटीं दुकानांतल्या मुलीनें कागदावर एक ताट काढलें आणि ताटाच्या पुढें एक गोळी काढली. वहिनी पत्रांत लिहितात, “त्या दिवशीं मी अक्षरशत्रु झालें होतें हो, भाऊजी.” परमुलुखांत माणूस विद्वान असला तरी कांहीं काळ निरक्षरच असतो. इंग्रजींतील ‘वन्स’, म्हणजे एकदां, हा शब्द जसा लिहितात तसाच लिहिलेला शब्द स्पॅनिश भाषेंत ‘ओन्से’, म्हणजे अकरा, असा वाचला जातो. दिवसांतून एकदां घ्यावयाची गोळी स्पॅनिश भाषिकाच्या घरीं अकरा वेळां घेतली जाईल, हा धोका अमेरिकेंतील वैद्यकांनीं दाखवून दिला आहे. त्याच देशांत या शतकाच्या आरंभीं, इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढ आगंतुकांसाठीं, शब्दविरहित आरोग्यचित्रकथा तयार झाल्या. दवाखान्यांतील अडचणी चित्रांत दाखवून त्यांवर वर्गांत बोलणें घडवून आणावयाचें, अशी त्यांची योजना. आमचें ‘खारं-कारम्’ आणि त्यांचें ‘वन्स-ओन्से’ हीं एकाच जातीचीं दुखणीं होत.

आपल्या सोलापुराला तर या बाबतींत बाहेरचा कित्ता गिरविण्याचें कारणच नाहीं. १० ऑक्टोबर १९१० रोजीं या गांवांत द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनमध्यें गेले, १९४१ सालीं तेथील बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच त्यांनीं देह ठेवला. त्यांचें सोलापुरांतील घर आज स्मारक आहे. त्यांच्या शौर्याचें व सेवेचें वर्णन सर्वच करतात. आम्हांस मात्र त्यांची एक साधी गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा बोलावयास आणि लिहावयास शिकले. रोग्यानें वैद्याची भाषा शिकावी, अशी वाट पाहत ते बसले नाहींत. त्यांच्या गांवांत राहून, जन्मभर तेलुगु शेजारांत वावरून, आम्हांस ‘उप्पु’ हा एक शब्द साठी उलटल्यावर यावा, ही आमची योग्यता.

वाचक कुटुंबांपैकीं अनेकांच्या घरीं तेलुगु वा कन्नड बोलणाऱ्या बाया कामाला येतात. त्यांच्या मुलांना ताप येतो, जुलाब होतात, आणि आपल्या घरांतील वडील माणूस दाराशीं उभें राहून त्यांना चार शब्द सांगतें. तें सांगणें बंद करूं नका. मात्र सांगून झाल्यावर ‘समजलं कां?’ असें विचारण्याऐवजीं, ‘आतां घरीं जाऊन काय करशील तें मला सांग’ असें म्हणा, आणि तें ऐकावयास पांच मिनिटें बसा. घरांतील एखादें मूल चित्र काढीत असेल, तर त्याच्याकडून चार चित्रें काढवून घ्या. वाईट आलीं तरी चालतील, तीं बदलतां येतात. आणि चित्र चुकीचें वाचलें गेलें तर हंसूं नका. तें वाचणाराचें अज्ञान नसतें. काढणाराला मिळालेली सूचना असते.

प्रसंग आलाच म्हणून तें प्रमाणहि येथें देऊन ठेवतों. दवाखान्यांतून किंवा औषधांच्या दुकानांतून मिळणारी जलसंजीवनीची पुडी सर्वांत चांगली. एक लिटरची पुडी संपूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यांत एकदमच मिसळावी, अर्धी-अर्धी करूं नये, आणि तें पाणी २४ तासांत संपवावें. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, याहून अधिक मीठ नाहीं. वर बांगलादेशाचें जें प्रमाण सांगितलें, तें त्यांच्या मापांचें. त्याची यांत सरमिसळ करूं नये. मुलाला चमच्या-चमच्यानें, घोटा-घोटानें पाजावें. वांति झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करावें. अंगावरचें दूध व नेहमींचें अन्न तोडूं नये. डोळे खोल गेले, मूल गुंगींत पडूं लागलें, पाणी पिईना, सर्वच ओकूं लागलें किंवा शौचांतून रक्त गेलें, तर घरीं वेळ न घालवितां दवाखाना गांठावा.

परवां वर्गांत एक नवी सून आली, करीमनगरकडची. मराठीचा गंध नाहीं. आम्ही चटईवर चित्रें मांडूं लागलों, तों ‘कारम्’वाली आमची विद्यार्थिनी पुढें सरकली. तिचें पोर आतां अडीच वर्षांचें आहे आणि वर्गांतील खडू खाण्यांत तरबेज आहे. तिनें चित्रें आमच्या हातांतून घेतलीं, पदरांत बांधून आणलेली मिठाची पुडी सोडली, नव्या मुलीच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलें आणि म्हणाली, “उप्पु. मराठींत मीठ. खारं म्हणजे हें. कारम् नव्हे.” मग तिनें सहाहि चित्रांची कथा तेलुगूंत सांगितली आणि मुलीकडून ती परत वदवून घेतली. मध्येंच एकदां आम्ही मदतीस म्हणून ‘नीळ्ळु’ म्हणालों, तों दोघीहि हंसल्या. आमच्या उच्चारांत कांहीं तरी चुकलें होतें. तिनें तो शब्द आमच्याकडून तीनदां म्हणवून घेतला, आणि मगच पुढचें चित्र उचललें.